सुई थांबवायची नाही

गजरा माळून वॉर्डात यायचं नाही, हा नियम नर्सिंगच्या कुठल्याच पुस्तकात नाही. तो अक्कांचा होता. धुळ्यातल्या ज्या ट्रस्टच्या दवाखान्यात मी पहिली नोकरी धरली, तिथल्या मेडिकल वॉर्डाच्या त्या इन्चार्ज सिस्टर. कामाच्या पहिल्याच दिवशी आईने हौसेने दिलेला मोगऱ्याचा गजरा माळून मी त्यांच्यासमोर उभी राहिले. अक्कांनी आधी माझ्याकडे पाहिलं नाही, आधी वास घेतला. मग म्हणाल्या, "हे काढ आणि बाहेरच्या कडुलिंबाला बांधून ये. घरी जाताना घेऊन जा. इथे माझं नाक मारू नकोस."

नाव-गाव त्यानंतर विचारलं. मला वाटलं, बाई विक्षिप्त दिसते. पुढची पाच वर्षं त्यांच्या हाताखाली काढल्यावर माझं ते मत अजिबात बदललेलं नाही.

त्यांच्या नाकाला न चालणाऱ्या गोष्टी पुष्कळ होत्या. टाल्कम पावडर, वासाचं तेल, अगरबत्ती, कापूर. स्वतः रोज घरी बुद्धवंदना करून कामावर यायच्या, पण अगरबत्ती तिथेही लावायच्या नाहीत. भडगावकडच्या त्यांच्या सासूबाई यावरून धुसफुसत असत असं त्या स्वतःच हसून सांगत. आमच्या ट्रस्टींपैकी एका वयस्कर गृहस्थांना अत्तराचा शौक होता. ते वॉर्ड बघायला आले की अक्का दारातच त्यांना गाठत. "नाना, तुम्ही कशाला आत येण्याचे कष्ट घेता, मीच बाहेर येते." आपला मान राखला जातोय अशा समजुतीत नाना पॅसेजमधूनच परत जायचे.

हे सगळं कशासाठी, तर एका वासासाठी. नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा असतो, किंवा फार पिकलेल्या फळाचा, तसा एक वास काही पेशंटच्या श्वासाला येतो. शरीरातलं इन्सुलिन संपलं की रक्तात साखर भरभरून असते, पण शरीराला ती वापरताच येत नाही. मग ते चरबी जाळत सुटतं आणि त्यातून रक्तात आम्ल साठत जातं. माणूस ओकू लागतो, पोट दुखतं, कितीही पाणी प्यायलं तरी तहान भागत नाही, श्वास खोल आणि घाईघाईचा होतो आणि शेवटी शुद्ध हरपते. डॉक्टर त्याला कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. आम्ही केसपेपरवर डीकेए लिहितो. नातेवाईकांना समजावताना अक्का सरळ म्हणायच्या, "आंगमा आंबट चढनं शे."

नाकावर एवढा भरवसा असूनही त्यांचं नाक चुकायचं, हेही सांगितलं पाहिजे. एकदा चाळीसगावकडच्या एका लग्नातून परतणाऱ्या वऱ्हाडातला एक बापया चारजणांनी उचलून आणला. अक्कांनी त्याच्या तोंडाशी नाक नेलं आणि हुकूम सोडला, "साखर बघा, लघवी बघा, डॉक्टरांना बोलवा." आम्ही पळापळ केली. साखर उत्तम, लघवी स्वच्छ. तो गृहस्थ फक्त पोटभर मोहाची पिऊन झोपला होता. सगळा वॉर्ड हसला. डॉक्टर म्हणाले, "अक्का, तुमचं नाक आज लग्नाला जाऊन आलं." अक्का जराही ओशाळल्या नाहीत. "असे सतरा दारुडे तपासले गेले तरी चालतील. दारुडा समजून एखादं लेकरू कोपऱ्यात पडून राहिलं, ते मला चालणार नाही. नाकाने शंका घ्यायची, खात्री स्ट्रिपने करायची," असं म्हणून त्या पुढच्या कॉटकडे गेल्या.

डॉक्टरांना स्वतःला तो वास येतच नसे. काही माणसांना येत नाही म्हणे. पण ते हुशार होते, शांत होते आणि अक्कांशी त्यांचं चांगलं जमायचं. वॉर्डात अक्कांच्या तीन भाषा चालत. डॉक्टरांशी त्या शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध मराठी बोलत, नातेवाईकांशी अहिराणी आणि मशीनशी हिंदी. इन्सुलिनचा पंप कूं कूं करायला लागला की लांबूनच ओरडायच्या, "क्यूं चिल्लाता है भाई, आ रही हूं ना!" मशीनशी हिंदीतच का, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "ती बाहेरून आलेली आहेत, त्यांना आपलं कुठून कळणार?"

दुसरं वेड मोजमापाचं. डीकेएच्या पेशंटच्या पोटात आणि शिरेत किती पाणी गेलं आणि बाहेर किती आलं, याचा थेंबाथेंबाचा हिशेब त्यांना लागायचा. कोणी नातेवाइकाने प्रेमाने पेशंटच्या तोंडाला तांब्या लावला की अक्का तो तांब्या जप्त करत. भेटीच्या वेळी सगळा वॉर्ड पाहुण्यांनी भरलेला असताना या टोकाहून त्या टोकाला आवाज जायचा, "किती झाली?" एकदा एक नवी नवरी लाजून उशीत तोंड खुपसून बसली. अक्का तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "बेटा, लाज घरी ठेव, लघवी इथे भांड्यात ठेव. ती मोजल्याशिवाय मला तुझं काही कळत नाही."

आता मी जळगावला नर्सिंगच्या मुलींना शिकवते. डीकेएचा धडा आला की मुली वहीत भराभर उतरवून घेतात आणि मला अक्का आठवतात. अक्कांबरोबर आठवते पायल.

पायल साक्रीच्या पलीकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. वय असेल तेरा-चौदा. आई-बाप हंगामात ऊसतोडीला गुजरातेत जायचे, तेव्हा पोरगी आजीजवळ राहायची. तिचा मधुमेह लहान वयातला, जन्मभर इन्सुलिनवर जगायचा. दिवसातून एकदा संथ चालणारं इन्सुलिन, जेवणांच्या आधी दुसरं लवकर चालणारं. पाड्यावर फ्रिज नव्हता, तर आजीने ओल्या वाळूत मडकं ठेवून त्यात इन्सुलिनची बाटली जपायची, हे आमच्याच वॉर्डात शिकून घेतलं होतं. बाई हातातलं काम नेटकं करणारी होती. तरीही पायल डीकेए होऊन आली. बरी होऊन गेली. काही महिन्यांनी पुन्हा आली, पहिल्यापेक्षा वाईट स्थितीत. आणि तिसऱ्या वेळेला साक्रीला टेम्पो चालवणाऱ्या तिच्या काकाने तिला दोन्ही हातांवर उचलून आणलं, तेव्हा तिला हाका मारल्या तर ती नुसते डोळे किलकिले करत होती.

सकाळची वेळ होती. अक्कांनी नाक जवळ नेलं, मान हलवली आणि साखर बघायला सांगून त्या पायलच्या छातीकडे बघत उभ्या राहिल्या. पोरीची छाती भात्यासारखी चालली होती. डॉक्टर आले. ते म्हणाले, "यावेळी अवघड आहे, अक्का. प्रत्येक वेळी अशी परत आली तर एखाद्या वेळी आपल्या हातात नाही राहणार." अक्का म्हणाल्या, "आज आहे ना हातात? मग आज करू."

आधी सलाईन, मग पोटॅशियमचा रिपोर्ट, मग इन्सुलिन. हा क्रम अक्कांनी आमच्याकडून पाढ्यासारखा म्हणून घेतलेला होता. इन्सुलिन सुरू झालं की रक्तातलं पोटॅशियम खाली जातं. ते आधीच कमी असेल तर हृदयाचा ठोका बिघडतो. म्हणून रिपोर्ट बघितल्याशिवाय इन्सुलिनला हात लावायचा नाही. पण दारात उभ्या काकाला हे कसं कळावं? पोरगी तडफडतेय आणि ही माणसं कागदाची वाट बघत बसली आहेत, एवढंच त्याला दिसत होतं. तो तणतणत होता. अक्का त्याच्याकडे न बघता सलाईनची धार बघत होत्या. लहान पोरांना सलाईनही भसाभस देऊन चालत नाही, मेंदूला सूज येऊ शकते. म्हणून त्या मधूनमधून पायलच्या गालाला हात लावून विचारायच्या, "पायल, तुझ्या शाळेतल्या बाईंचं नाव काय?" पायल काहीतरी पुटपुटायची. बरोबर की चूक ते आम्हाला कळायचं नाही, पण अक्कांना ती उत्तर देतेय एवढं पुरेसं होतं.

रिपोर्ट आला, पोटॅशियम ठीक होतं, इन्सुलिनचा पंप सुरू झाला. तासातासाला बोटाला टोचून साखर बघायची, नाडी, श्वास, लघवी. साखर हळूहळू उतरत गेली. दुपारपर्यंत बऱ्यापैकी खाली आली आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता सलाईनमध्ये ग्लुकोज सुरू करा, इन्सुलिन चालूच ठेवा. मी बाटली लावली.

इथे भडका उडाला. काका चार इयत्ता शिकलेला होता. त्याने बाटलीवरची अक्षरं जुळवून वाचली आणि त्याचा चेहरा लाल झाला. "ओ सिस्टर! हाई काय लावं? हाई तं गुल्कोज शे! पोरले साखरनी बिमारी, आन तुम्ही तिले साखर चढावतस?" मी काही बोलायच्या आत त्याने नळीवरचं चाक फिरवून बाटली बंद केली.

अक्का आल्या. त्यांनी चाक पुन्हा उघडलं आणि त्यावर आपला हात ठेवला. काकाने त्यांच्या हातावर हात ठेवला. उंचीने अक्का त्याच्या खांद्यालाही लागत नव्हत्या.

"भाऊ, मनं आयक," अक्का म्हणाल्या. "पोरनी साखर उतरनी, पन आंगमातलं आंबट आजून गयं नही. देख तिना श्वास. ते आंबट काढाले सुई चालू ठेवनी पडी. आन नुसती सुई चालू ठेवी तं साखर पार खाले जाई, पोरगी थंडी पडी. म्हनीसन सुईना संगे थोडी साखर."

"माले शिकाडू नका. बठ्ठा जग सांगस, साखरवालाले साखर देवानी नही. मी पोरले लई जास."

"लई जा," अक्का म्हणाल्या. "पहिले मना हात सोडाव."

मी अक्कांचा चेहरा बघत होते. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी फक्त ठरवलं होतं. त्या बाईने एकदा ठरवलं की तिला हलवायची कुणाच्या बापाची टाप नव्हती, हे आम्हाला माहीत होतं, काकाला अजून कळायचं होतं. डॉक्टर धावत आले, त्यांनीही तेच सांगितलं, कागदावर आकडे दाखवले. काका ना हो म्हणे ना हात काढे. आजूबाजूच्या कॉटवरचे पेशंट उठून बसले. आजी भिंतीशी पदर तोंडात धरून उभी होती. सलाईन टपटप पडत राहिली.

किती वेळ गेला कोण जाणे. अक्कांनी दुसऱ्या हाताने पायलच्या गालाला थोपटलं. "पायल, तुझ्या बाईंचं नाव काय गं?"

पायलने डोळे उघडले. नीट, पूर्ण उघडले. आणि वैतागून म्हणाली, "कितीदाव सांगू तुम्हले!"

आधी शेजारच्या कॉटवरची म्हातारी हसली, मग आम्ही सगळे. काकाने पोरीकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं आणि हात काढून घेतला. पॅसेजमध्ये जाऊन तो बाकावर बसला आणि ढसाढसा रडला. मला त्याचा राग आला नव्हता असं नाही, पण त्या क्षणी फार वाईट वाटलं. पोरीवर त्याचा जीव होता, म्हणून तर तो भांडत होता.

दुसऱ्या दिवशी पायलचं रक्त साफ झालं, ती भात मागायला लागली. तेव्हाही अक्का पंपापाशी उभ्या. कातडीखालचं संथ इन्सुलिन टोचून त्याचा असर सुरू होईपर्यंत पंप बंद करायला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. पोरगी वाचली होती. पण डॉक्टरांचं वाक्य सगळ्यांच्या डोक्यात होतं. ती पुन्हा अशीच आली तर?

मग आजीची पेशी सुरू झाली. डॉक्टर बोलले, आहारतज्ज्ञ बाई बोलल्या, काकाही बोलला. सुई बंद का केली? तीनतीनदा सांगूनही कळत कसं नाही? आजीची मान खाली. अक्कांनी सगळ्यांना बाजूला केलं, आजीसमोर स्टूल ओढलं आणि विचारलं, "माय, तू सांग. काय व्हयनं व्हतं घर?"

आजी रडत नव्हती. सरळ बघत म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगं व्हतं ना. सुई दिधी का लगेच खावाडा, नही तं साखर उतरीसन पोरगी बेसुद्ध व्हई. पोरगी तापमा व्हती. काई खाये ना. पानी बी ओके. मंग मी सुई कसी देऊ? मारी टाकू का तिले?"

आजी चुकली नव्हती. तिने आमचा शब्द न् शब्द पाळला होता. दारावरच्या पाटीवर ठळक अक्षरात होतं, इंजेक्शन घेतल्यावर लगेच जेवण करा. तिला वाचता येत नव्हतं, पण ते तिला पाठ होतं. आजारात पोरगी जेवेना म्हणून तिने सुई थांबवली, सुई थांबली म्हणून आम्ल चढलं. प्रत्येक वेळी असंच घडलं होतं. आजारी शरीराला इन्सुलिन उलट जास्त लागतं, पोट रिकामं असलं तरी लागतं, हे आम्ही तिला सांगायला हवं होतं. सांगितलंही असेल, डिस्चार्जच्या गडबडीत, शेवटून दुसऱ्या वाक्यात.

त्या दिवशी उरलेली ड्युटी अक्का कोणाशीच बोलल्या नाहीत. मशीनशीसुद्धा नाही. आम्ही धास्तावलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्टुलावर चढून ती पाटी काढली. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "अहो, पण ते खरं आहे." अक्का म्हणाल्या, "खरं आहे, पण अर्धं. अर्धं घेऊन ती म्हातारी डोंगरात गेली आणि एकटी पडली." त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात इन्सुलिनचा पहिला धडा बदलला. डोस नंतर, जेवण नंतर. पहिला धडा हा, की पोरगं आजारी पडलं, खाईना, ओकायला लागलं, तर काय करायचं.

आणि तो धडा अक्कांनी नुसता सांगितला नाही, त्याचं नाटक बसवलं.

टोचायचा सराव वांग्यावर. जळगावचं भरताचं वांगं, हिरवं, लांबरुंद, दळदार. त्यांच्या मते माणसाच्या कातडीच्या सगळ्यात जवळचं तेच. सरावानंतर ती वांगी कुठे जायची ते मी सांगणार नाही, पण भरीत कधीच झालं नाही, एवढी खात्री देते. त्या दिवशी अक्का स्वतः युनिफॉर्मसकट रिकाम्या कॉटवर आडव्या झाल्या. "मी पायल. मला ताप आहे, मी ओकतेय," त्यांनी जाहीर केलं आणि वांगं दंडाशी धरलं. आजीच्या हातात सुई दिली, मला शेजारीण केलं. काका दारातून बघत होता, त्याला बोट करून म्हणाल्या, "भाऊ, तू तुनंच काम कर. जे घर बोलशी तेच बोल."

मग अक्का ओकायला लागल्या. अशा ओकल्या, की खरे ओकणारे पेशंट बघत राहिले. आजी पदराआड हसायला लागली, पायल खिदळायला लागली. मी शेजारीण होऊन म्हटलं, "अव माय, उपाशी पोरले सुई देस का? पाप लागी!" काका आधी लाजला. मग अक्कांनी कॉटवरूनच दरडावलं, तेव्हा घसा साफ करून म्हणाला, "सुई राहू दे. खाई तव्हय दे." हळूच म्हणाला होता. अक्का म्हणाल्या, "असा बोलस का घर? मोठाईन बोल!" मग तो खरंच ओरडला. मनात साठलेली भीती होती ती. "राहू दे सांगं ना! मरी जाई पोरगी!"

आजीचं हसू थांबलं. तिचा हात वांग्यापाशी येऊन अडला. पहिल्यांदा तिने सुई खाली ठेवली. अक्का पुन्हा ओकायला लागल्या. दुसऱ्यांदा पण तेच. पायल डिस्चार्ज होईपर्यंत हे नाटक रोज झालं, आणि एक वेळ अशी आली की आजीने काकाला हाताने मागे सारलं आणि संथ इन्सुलिनची सुई वांग्यात टोचली. मग ओळीने बाकीचं करून दाखवलं. बोटाला टोचून साखर बघायची. लघवीत पट्टी बुडवायची, ती जांभळी होत गेली तर आंबट वाढतंय. घोटघोट पाणी पाजायचं. साखर उतरली तर गोड पाजायचं, पण ती रोजची सुई थांबवायची नाही. जेवणाच्या सुईचं फोन करून विचारायचं. ओकणं थांबेना, श्वास घाईचा झाला, पोरगी गुंगायला लागली, तर वाट न बघता निघायचं.

"आन कोनी काई बोलनं तं?" अक्कांनी विचारलं.

"बोलू दे," आजी म्हणाली. पण तिच्या आवाजात अजून खात्री नव्हती, आणि ते अक्कांनाही जाणवलं असणार. त्यांनी स्वतःचा मोबाइल नंबर काकाच्या फोनमध्ये घालून दिला. पायल गेल्यावर बरेच दिवस फोन वाजला की त्या हातातलं काम टाकून आधी फोन बघायच्या. एरवी फोनचा त्यांना मनस्वी तिटकारा होता.

पावसाळा संपला, आई-बाप पुन्हा ऊसतोडीला गेले, आणि एके सकाळी तो फोन आला. अक्का एका पेशंटला औषध देत होत्या, त्यांनी ट्रे माझ्या हातात कोंबला. पलीकडून आजीचा आवाज एवढा मोठा होता, की मलाही ऐकू येत होता. पायलला ताप. कालपासून ओकतेय. काही खाल्लेलं नाही. टेम्पोत आहोत, साक्री ओलांडली.

"सुई?" अक्कांनी विचारलं.

टेम्पोच्या आवाजात पुढचं काही कळलं नाही. फोन कटला. अक्कांनी परत लावला, लागला नाही. पुन्हा लावला, नाही. डॉक्टरांना निरोप गेला, कॉट तयार झाली, सलाईन टांगली, पंप आणला. आम्ही सगळे नको ते चित्र डोळ्यांसमोर धरून दाराकडे बघत होतो. अक्का गेटपर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. त्या दिवशी त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं, "मला भीती वाटतेय गं."

टेम्पो आला. काका उतरला. आजी उतरली. आणि मग मागून, आजीच्या खांद्याला धरून, पायल स्वतःच्या पायांनी उतरली. चेहरा उतरलेला होता, ओठ सुकलेले होते, पण ती चालत होती. अक्कांनी तिच्या तोंडाशी नाक नेलं. थोडासा वास होता. साखर चढलेली होती, लघवीची पट्टी फिकट जांभळी झाली. श्वास मात्र साधा, तुमच्या-माझ्यासारखा. डॉक्टरांनी तपासलं, रक्त बघितलं आणि म्हणाले, "रक्तात आम्ल साठलेलं नाही, नुसती सुरुवात होती. वेळेत आणलं. सलाईन देऊ, डोस वाढवून देऊ, दिवसभर बघू."

अक्का आजीकडे वळल्या. "सुई दिधी व्हती?"

"दिधी ना. काल बी दिधी, आज बी दिधी."

"कोनी काई बोलनं नही?"

"बठ्ठा पाडा बोलना, बाई," आजी म्हणाली. "आंगनमा येईसन बोलनात. सांगेत, म्हतारी येडी व्हयनी, उपाशी पोरले मारी टाकी. मी सांगं, मरनी तं मना हातखाले मरी, पन सुई मी देसू." एवढं बोलून ती थांबली, आणि वॉर्डात आल्यापासून कधी न रडलेली ती बाई रडायला लागली. "बाई, मी भलती भ्यायनू व्हती."

"मीही," अक्का म्हणाल्या. ते त्या मराठीत बोलल्या. आजीला त्यांनी जवळ घेतलं आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या. मला समोरचं धूसर दिसत होतं, म्हणून मी उगाच पंपाची वायर गुंडाळत बसले. पंप लागलाच नव्हता.

दुपारी पायलच्या पोटात पाणी टिकलं, मग थोडी पेजही टिकली. पट्टी पुन्हा बुडवली तर रंग आला नाही. संध्याकाळी काकाने टेम्पो दाराशी आणला आणि तिघं उजेड आहे तोवर घरी जायला निघाले.